गुरुबसप्पाची बोट तापते

"मास्तर, काटा लालवर गेला की वो!"

धोंडीराम चौकीदार ओरडला तेव्हा बोट तलावाच्या ऐन मध्यावर होती. गुरुबसप्पाने इंजिन बंद केले, झाकण उघडून वाफेचा लोट तोंडावर घेतला आणि वल्हे उचलले. धोंडीरामने दुसरे उचलले.

"ही बोट न्हाय मास्तर, चहाची किटली हाय. पत्ती तेवढी घालायची ऱ्हायलीय."

बोट मूळची एका गिरणीच्या गोऱ्या साहेबाची. पायांना फळ्या बांधून, बोटीच्या ओढीने पाण्यावरून घसरत जायची त्याला हौस होती. साहेब विलायतेला गेला, हौसही गेली, बोट मात्र हात बदलत बदलत सोलापूरबाहेरच्या या तलावाच्या कचेरीत येऊन पडली. बहात्तरच्या दुष्काळात तर ती कोरड्या तळावर पालथी होती. पुढे पाणी आले, आणि विहिरींवरची इंजिने दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या गुरुबसप्पाने तिला पुन्हा चालती केली. खाकी टोपी चढवून तो चाकामागे बसला की स्वतःला आगबोटीचा कप्तानच समजे. कप्तानाला पोहता येत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

या बोटीला मोटारीसारखा रेडिएटर नव्हता. बुडाच्या जाळीतून तलावाचे पाणी वर ओढायचे, इंजिनाभोवती फिरवायचे आणि मागून थुंकायचे, एवढीच तिची थंड राहण्याची रीत. गुरुबसप्पाने पंपाचा रबरी पंखा बदलला, नळ्या फुंकून पाहिल्या, बोट काठावर ओढून जाळी तपासली. जाळी घासलेल्या ताटासारखी लख्ख! तरी मध्यावर गेले की काटा लाल तो लालच.

कचेरीतले शिवयोगी साहेब भला माणूस, पण तेही कंटाळले. "हे बघ गुरुबसप्पा, सोमवारी पुण्याचे मोठे साहेब येतायत. त्यांना पलीकडच्या काठावर न्यायचंय. वाटेत तापली तर बोट भंगारात आणि तू मोहोळच्या पाण्याच्या पंपावर. मग माझ्या हातात काही नाही."

गुरुबसप्पाने टोपी काढून हातात घेतली. पंप आयुष्यात खूप झाले होते. पाण्यावरून पळणारे इंजिन हे एकच.

त्याच आठवड्यात त्याची बायको सुंदरम्मा अक्कलकोटला माहेरी गेली. आणि काय नवल, बोट गार! रोज फेरी झाली, काटा जागचा हलला नाही.

धोंडीरामला चेव चढला. "मास्तर, बायकू म्हायेरी गेली की आमचं बी डोकं असंच थंड ऱ्हातंय. सोमवारपातुर तिकडंच ठिवा वैनीला."

गुरुबसप्पा हसला, पण त्याला काहीतरी खटकत राहिले. रविवारी सुंदरम्मा परत आली.

सोमवारी सकाळी तो पेट्रोल आणायला निघाला आणि टोपी बोटीत विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतला. बघतो तर सुंदरम्मा धक्क्यावर ओणवी झालेली. शेजारी ताटात हळदकुंकू, तांदूळ, खोबऱ्याची वाटी. तिने हात जोडले आणि हिरवागार खण अलगद बोटीच्या नाकापुढे पाण्यात सोडला.

गुरुबसप्पाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बोट निघाली की खण ओढीने जाळीला चिकटायचा आणि पाणी अडायचे. इंजिन बंद केले की सुटून तळाला जायचा. मग जाळी स्वच्छ सापडेल नाहीतर काय!

"अगं, काय करतीस हे?"

ती दचकली. "ह्या तळ्याच्या गंगम्माची ओटी भरतेय की."

"कवापासनं?"

"तुमी बोटीवर चढल्यापासनं. तुमी पेट्रोलला गेलात की भरते."

"आणि रोज खण कुटनं आणतीस?"

"पेटी भरलीय खणांनी. ज्येच्या घरी जावं ते एक हातात देतंय. सगळ्यांच्या चोळ्या शिवून कवा घालू?"

"त्या खणांनीच बोट तापतीय गं! आज तापली तर मला मोहोळला पंपावर धाडतील."

"धाडू द्या. पंपावर कोण बुडत न्हाय." सुंदरम्माने पदर तोंडाला लावला. "अवो, तुमाला पोहता येत न्हाय. बोट मधी गेली की टोपीसुदिक दिसत न्हाय. मी हितं कुणाच्या भरवशावर बसू?"

त्याला राग यायला हवा होता. आला तो हुंदकाच. बायकोची एवढी माया, आणि आपण ती रबरी पंख्यात शोधत बसलो!

"बरं, काय करू सांग."

"पोहायला शिका. त्या दिवशी ओटी बंद."

"या वयात?"

"मग खण लई हायत पेटीत."

"शिकतो, बाई, शिकतो!" म्हणत त्याने गंगम्माची माफी मागितली आणि वल्ह्याने खण बाहेर काढला.

मोठे साहेब आले, बसले, पलीकडे जाऊन परत आले. काटा हलला नाही. ते गेल्यावर शिवयोगी साहेबांनी विचारले, "काय होतं रे शेवटी?"

"जाळीला कचरा अडकत हुता, साहेब." कचरा म्हणताना त्याची जीभ अडखळली, पण बायकोचे नाव कचेरीत कशाला?

"पुन्हा नाही ना अडकणार?"

"न्हाय. बंदोबस्त केलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नाशी उलटलेले कप्तान लंगोट लावून, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून काठाच्या पाण्यात उतरले. धुणे धुणाऱ्या बायकांनी हात थांबवून तोंडाला पदर लावले. "पाय मारा मास्तर, पाय! इंजिन बंद पडलं तुमचं!" धोंडीराम काठावर नाचत होता. गुरुबसप्पाच्या कमरेला दोर होता, आणि त्याचे दुसरे टोक सुंदरम्माच्या हातात.

नाकातोंडात गेलेले पाणी थुंकत तो ओरडला, "अगं, जरा सैल सोड की! पुढंच जाता येईना!"

"व्हय, सोडते की," ती म्हणाली आणि दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.