चौकटचा तुकडा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांनी खालून हाक मारली, "जरा डोळे दे गं."

ही आमच्याकडची रोजची हाक. बाबा जुन्या चहापेट्या दुरुस्त करायचे. चहा सोन्याच्या मोलाचा होता, त्या काळात तो कुलपात राहावा म्हणून केलेल्या लाकडी पेट्या. आत साधं लाकूड, वरून अक्रोड, शिसव, आबनूस अशा देखण्या लाकडांचे पोस्टकार्डाइतके पातळ पापुद्रे. शेवटची तीन वर्षं त्यांना समोरच्या वस्तूच्या मधोमध काळा डाग दिसायचा. काम बोटांवर चालायचं, पण लाकडाची चमक बोटांना कळत नाही. मी छापखान्यांची मुद्रितं तपासते. लोकांच्या चुका काढून पोट भरते, म्हणून माझ्या डोळ्यांवर त्यांचा भारी भरवसा.

ती पेटी एका डॉक्टरीणबाईंच्या आजीची होती. झाकणावर सॅटिनवुड, फिकट सोनेरी, रेशमासारखं. त्यातला मधला, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा तुकडा कधीच हरवला होता. बाबांनी तसाच नवा कापला होता. अडचण एकच, तो कसाही फिरवला तरी खाचेत नीट बसायचा. आणि या लाकडाला मांजराच्या पाठीसारखी दिशा असते. टोकांची अदलाबदल झाली की तेवढ्याच तुकड्याची चमक वेगळी पडते. म्हणून आमचा नियम होता: आधी खिडकीकडून बघायचं, मग दाराकडून.

मी खाली जाऊन दारातच उभी राहिले. हातात फोन, वर टेबलावर चाळीस पानं बाकी.

"जुळतंय का?"

"जुळलंय, बाबा."

"दोन्हीकडून?"

"हो म्हटलं ना."

"बरं बरं. आमच्या बाईसाहेब घाईत आहेत," ते हसून म्हणाले आणि सरस गरम करायला वळले.

सकाळी ते उठलेच नाहीत.

दोन आठवड्यांनी मी आणि दादा खालची खोली आवरायला गेलो. पेटी शिकंज्यात आवळलेली, तशीच होती. मी ती सोडवून खिडकीत नेली. झाकणाच्या मधोमध मातकट चौकट. दाराकडून पाहिलं, तर ती एकटीच चकाकत होती.

"येत्या शनिवारी डॉक्टरीणबाई येणार आहेत ना? देऊन टाक," दादा म्हणाला.

"तुकडा उलटा बसलाय."

त्याने मान तिरकी करून पाहिलं. "मला तर काही दिसत नाही."

"तुला समोर ठेवलेलं मीठसुद्धा दिसत नाही."

"बाबांचं शेवटचं काम आहे. त्याला कशाला हात लावतेस?"

"शेवटचं आहे म्हणूनच."

"आणि मोडलं तर? पुस्तकं वाचून सुतारकाम येत नसतं."

"पाण्यात पडल्यावर पोहता येतं."

"पड बाई," तो म्हणाला आणि खोकी उचलू लागला. थोड्या वेळाने पाठमोराच बोलला, "शेवटी शेवटी त्यांना दिसतच नव्हतं गं. चुकणारच."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी कपाटातली धूळ पुसत राहिले.

सरसाने चिकटवलेलं ऊब आणि ओल मिळाली की सुटतं. बाबा दुसरं काही वापरतच नसत. आपल्यामागून येणाऱ्याला उघडता आलं पाहिजे, म्हणायचे. मी टाकाऊ फळीवर सरावाचे तुकडे चिकटवले. दुसऱ्या दिवशी ओलं फडकं, वर इस्त्री, मग कडेने पातळ सुरी. पहिले चार फाटले. पाचवा करपला, माझ्या अंगठ्यासकट. गुरुवारी लागोपाठ तीन अख्खे निघाले. शुक्रवारी सकाळी मी झाकणाला हात घातला.

अर्धा तास लागला. तुकडा शेवटी सुरीवर अलगद आला. मी तो पालथा केला. मागे पेन्सिलीचे दोन बाण होते. पहिला ठसठशीत, कापतानाच केलेला, टोक बरोबर दिशेला. त्यावर काट मारलेली. दुसरा त्याच्या शेजारी, वाकडातिकडा, उलट्या दिशेचा.

सरस लावायला त्यांनी तुकडा पालथा केला असणार. डागाच्या कडेने आपला बाण त्यांना दिसला असणार. मग माझा शब्द आठवला असणार, आणि त्यांनी स्वतःचा बाण खोडला.

मी सरस तापत ठेवला. जुना थर कोमट पाण्याने पुसला, नवा लावला, तुकडा पहिल्या बाणाप्रमाणे बसवला आणि शिकंजा आवळला.

शनिवारी सकाळी बाई यायच्या आत शिकंजा काढला. खिडकीकडून पाहिलं. दाराकडून पाहिलं. पुन्हा खिडकीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसून, झाकण डोळ्यांच्या रेषेत आणून पाहिलं. चौकट कुठे सुरू होते ते मलाही शोधावं लागत होतं.

दादा दारात किल्ल्या घेऊन उभा होता. तो ऐकत होता, तरी मी थांबले नाही.

"आता जुळलंय, बाबा," मी म्हणाले. "दोन्हीकडून. त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं."