हातभर ढील

चढणारीपेक्षा खाली उभी राहणारी जास्त घाबरते, हे धुराड्यांवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. मावशीचं निम्मं आयुष्य असं खाली मान वर करून उभं राहण्यात गेलं होतं. भाचीला सगळे खारू म्हणत, कारण चालायला लागली तशी ती चढायलाही लागली. आई गेल्यापासून मावशीनं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, आणि नशीब बघा, पोरीनं धंदा निवडला तो मावशीचाच. उंच धुराडी रंगवायची, त्यांची डागडुजी करायची. खारूनं चढायचं, मावशीनं दोर सांभाळायचा.

अलीकडे मात्र मावशीला वेगळीच काळजी होती. खारू थेलेमा नावाच्या एका परदेशी पंथाच्या मार्गाला लागली होती. उगवतीला, भर दुपारी, मावळतीला आणि मध्यरात्री, असेल तिथं थांबून ती सूर्याला वंदन करायची. याला मावशीची ना नव्हती. भक्ती कुठल्याही दारानं घरात आली तरी तिला बसायला पाट द्यावा, असं तिचं मत. तिला बोचायचं ते प्रेमाबद्दलचं बोलणं. खारू सांगायची, प्रत्येकाच्या आत एक खरी इच्छा असते, ताऱ्याला त्याची वाट असते तशी. आणि प्रेम करायचं ते त्या इच्छेच्या आज्ञेत राहून.

"म्हणजे मनाला येईल तसं वागायचं," जेवताना मावशीनं टोमणा मारला.

"ती झाली लहर, मावशी. ही तिच्या खूप खाली असते. एकदा कळली की मग दुसरं काही करवत नाही."

"आणि मी जन्मभर तुझ्यामागे जीव टाकते, ते कुणाच्या आज्ञेत?"

खारू म्हणाली, "भीतीच्या, मला वाटतं."

मावशीनं ताट बाजूला सारलं. त्यानंतर ती कामापुरतंच बोलत होती.

अशा अबोल्यातच दोघी कपडे धुण्याच्या एका जुन्या कारखान्यावर आल्या. धुराड्याच्या माथ्यावर कप्पी बसवायची होती. कप्पी बसली की दोर वरून येतो आणि पाय घसरलेला माणूस जागच्या जागी लटकतो. तोवर मात्र दोर खालूनच, भिंतीतल्या कड्यांमधून ओवत जातो. तोवर खालचीनं ढील द्यायची, ओढायचं नाही. ओढलं तर वरची ओढली जाते. मावशीनं हे किती नवशिक्यांना शिकवलं होतं, कधीकधी डोक्यात टपली मारून.

सूर्य माथ्यावर आला तेव्हा खारू शेवटच्या कड्याच्याही वर पोचली होती. तिथं ती दुपारच्या वंदनाला थांबली. एक पाय तिनं शिडीच्या दांड्यात नीट अडकवला, पण ते खालून दिसत नव्हतं. मावशीला दिसले ते आकाशाकडे उचललेले दोन मोकळे हात.

पोर पडते की काय असं वाटलं, आणि मावशीनं दोर ओढला.

मायेनंच ओढला, यात शंका नको. पण दोराला माया कळत नाही. त्यानं खारूच्या कमरेला हिसका दिला, अडकवलेला पाय निसटला. तिच्याजवळचा पाना भिंतीवर आपटत खाली आला. खारू कसाबसा दांडा पकडून दोन हातांवर लोंबकळत होती, पाय आधार शोधत होते, आणि दोर तिला खाली खेचत होता.

"मावशी, ढील दे."

मावशीची मूठ उघडेना. ढील दिली आणि हात सुटले, तर पोर तेवढीच जास्त खोल कोसळणार. देवा, धर तिला, असं ती पुटपुटली. आणि तिच्या ध्यानात आलं की तिला खाली ओढणारी आपणच आहोत. देवाकडे हात मागत होती आणि स्वतःची मूठ सोडत नव्हती. तिला काय हवं होतं? पोर मुठीत हवी होती, की पोर हवी होती?

बोटं एकेक करून उघडली. भीती गेली म्हणून नव्हे. ती होती तशीच होती, फक्त तिचा हुकूम आता चालला नाही. हातभर दोर वर गेला.

खारूचा एक पाय दांड्यावर टेकला, मग दुसरा. बराच वेळ ती शिडीला कवटाळून राहिली. हात उचलण्याआधी सांगायला हवं होतं, चूक आपलीही आहे, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "उतरू का? तू म्हणशील तसं."

'उतर' हा शब्द मावशीच्या ओठांवर आला होता. तो तिनं गिळला.

"माझं राहू दे. तुला काय करायचंय?"

वरून उत्तर आलं, "कप्पी बसवायची आहे."

"मग आधी हात पुसून घे. आणि पाय बघून टाक, भवाने."

माथ्यापर्यंतच्या उरलेल्या भिंतीत एकही कडं नव्हतं. मावशीनं तळव्यांचा घाम कपड्यांना पुसला आणि दोर वर जाऊ दिला, हातभर, मग आणखी हातभर. वर बघायची छाती होत नव्हती. ती बघत राहिली.