गंगाजळीत गंगा नाही

मी गंगाजळी बोलतेय. सरकारी खजिन्यातली नव्हे. तांब्याची, फिरकीच्या झाकणाची, काशीच्या ठठेरी बाजारात, तांबटांच्या गल्लीत ठोकून घडवलेली. माझं काम एकच. माणूस जायला लागलं की तुळशीपानावरून त्याच्या तोंडात घोटभर गंगा सोडायची. अहिल्याबाई घाटामागच्या या मराठी घरातली तीन माणसं माझा घोट घेऊन गेली. नदी हाकेच्या अंतरावर आहे, पण मरण तेवढंही थांबत नाही, म्हणून मला देवघरात भरून ठेवतात. एरवी मला कुणी हात लावत नाही.

हेच विद्युल्लतेनं हेरलं.

विद्युल्लता या घरची सून, शाळेत गणित शिकवते. पन्नाशी आली आणि पाळी जाता जाता अंगात आग ठेवून गेली. फळ्यापुढे उभी असताना मानेतून जाळ चढायचा, पोलकं भिजायचं, छाती धडधडायची. झोप तर उडालीच. तिचा नवरा नरहर दशाश्वमेधावर यात्रेकरूंची कर्मं चालवतो. तो म्हणाला, वयाचं आहे, होईल कमी. बाईच्या दुखण्याला वय म्हणायचं आणि स्वतःला दोन शिंका आल्या की डॉक्टर गाठायचा. मी तांबं आहे, मला कुणाची भीड नाही.

एका लग्नात लतिका नावाच्या मैत्रिणीनं तिला सरबतात थोडी व्होडका घालून दिली. त्या दिवशी ती झोपली. मग तिला रोजच झोपायचं होतं. बाटली घरात सापडली असती. माझ्यावर कोण संशय घेणार? तिनं माझ्यातली गंगा तुळशीत ओतली, मला नमस्कार केला आणि माझ्यात व्होडका भरली.

संध्याकाळी घाटावर आरतीची घंटा सुरू झाली की नरहर तिकडे, सासू इंदू आतल्या खोलीत पडून. देवघराची कडी लागायची. आधी दोन घोट. पुढे आठवड्यातून दोनदा मला भरावं लागू लागलं. झोप दोन तासांची यायची आणि घामातच मोडायची. ती एकदा एकटीच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती; त्यांनी विचारलं, दारू वगैरे घेता का, त्यानं जाळ जास्तच भडकतो. ही म्हणाली, छे, आमच्याकडे रोज पूजा असते. हे तिनंच मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगणार?

माघात एका दुपारी इंदूला धाप लागली, डोळे फिरले. नरहरनं तुळशीपान खुडलं, मला उचललं आणि झाकणाला हात घातला. विद्युल्लता दारात घामानं निथळत उभी. गप्प राहिली असती तर सासूचा शेवटचा घोट दारूचा झाला असता.

"थांबा. त्यात गंगा नाही."

"मग काय आहे?"

अंथरुणातून इंदूच बोलली, "काय असणार? तिची झोप आहे."

इंदू त्या दिवशी गेली नाही. धाप बसल्यावर मुलाला म्हणाली, "माझ्या अंगाची आग व्हायची तेव्हा मी दिवसातून चारदा गंगेत बुड्या मारायचे. मोहल्ल्यात नाव झालं, इंदूबाई केवढी भाविक. तुझ्या बापानं कधी विचारलं नाही, काय होतंय म्हणून. तू तरी विचार."

नरहरनं विचारलं नाही. मला चिंचेनं घासलं, होडी करून मधल्या धारेचं पाणी आणलं, काठोकाठ भरलं. त्याच्या लेखी शुद्धी झाली, विषय संपला. डॉक्टरीणबाईंना खरं सांगून येते, असं विद्युल्लता दोनदा म्हणाली. सोबत कुणी निघालं नाही.

काल तिनं माझ्यातली गंगा पुन्हा तुळशीत ओतली.

आत इंदूचा श्वास वाजतोय आणि मी रिकामी आहे. तुमच्या देवघरात माझी एखादी बहीण असेल, तर कुणी मरायला टेकण्याची वाट बघू नका. आजच झाकण फिरवा, वास घ्या. आणि मग बाईवर ओरडू नका, तिला विचारा.

घंटा सुरू झाली. नरहर निघाला. देवघराची कडी लागली, पिशवीतून बाटली निघाली.

आज तिनं मला नमस्कार केला नाही.