बाहेरच्या खिळ्यावरचा पेला

मित्रांनो, घासलेटच्या रिकाम्या डब्यातून जन्मलेला मी एक जुना पेला आहे. रेवदंड्याच्या बाजारात भागोजीने पत्रा कापून, ठोकून मला घडवलं, कान डकवला आणि उन्हात धरून म्हणाला, "थेंब गळायचा न्हाय बघ." आयुष्यात माझं तेवढंच कौतुक झालं.

१९२६ साली मला चौलला आणलं. तिथे पोफळीच्या वाडीत ख्रिस्ती मंडळींचं छोटंसं प्रार्थनामंदिर होतं. आत पाण्याचा माठ, शेजारी पितळेचे चार पेले. मला वाटलं, मी पाचवा. पण माझ्यासाठी बाहेर, पागोळ्यांखाली, एक खिळा ठोकलेला होता.

मी केसरसाठी होतो. केसर गावाबाहेरच्या वस्तीतली, गवताचे भारे विकून पोट भरणारी. गावात तिची सावलीही लोक टाळत. ख्रिस्ती झाल्यावर बाकीच्यांनी जुने देव सोडले, ही शिवाशिव मात्र सोडली नाही. प्रार्थनेला ती आत सगळ्यांबरोबर बसे. तहान लागली की बाहेर येई, मला हातात धरून उभी राही, आणि माठ सांभाळणाऱ्या ठमाबाई वरून पाणी ओतत. ठमाबाई मनाच्या वाईट नव्हत्या. धार मात्र फार उंचावरून सोडत.

आठवड्याचे सहा दिवस मी खिळ्यावर एकटा. वारा आला की भिंतीवर आपटायचं, तेवढीच काय ती सोबत.

उपदेशक दयाराम मास्तर शास्त्र वाचताना रडत. एका रविवारी ते म्हणाले, "पश्चात्ताप म्हणजे नुसतं रडणं नव्हे. मुरुडला जायचंय आणि पावलं अलिबागकडे पडतायत, तर रडून मुरुड येईल का? माघारी फिरायला हवं! आणि हातापायांत न उतरणारा विश्वास मेलेलाच, असं शास्त्र सांगतं."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. केसर बाहेर आली. मला काढून उलटसुलट पाहिलं.

"मास्तर, येक इचारू? आत याया उंबरा येकच हाय. मंग माजी तहान का बाहीर?"

मास्तरांनी ठमाबाईंकडे पाहिलं. ठमाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "अगं, शास्त्र आम्हाला मान्यच आहे. पण माठ माझ्या घरचा आहे ना!"

केसर हसली. मला कोरडंच टांगून निघून गेली. पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मास्तरांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, डोळे भरून. माझ्यात कोळिष्टकं जमली. मंडळींनी बजावलं होतं, पेला आत आला तर आम्ही बाहेर. एका केसरपायी सगळी मंडळी गमवायची का, या विचाराने मास्तर वाळत चालले.

पाचव्या रविवारी वाचता वाचता ते थांबले. शास्त्र मिटून बाहेर आले. मला धोतराच्या सोग्याने पुसलं, थेट माठात बुडवलं आणि सगळ्यांसमोर माझ्यातून पाणी प्यायले. चार घरं उठून गेली. ठमाबाई उठल्या नाहीत. माठाकडे बघत बसून राहिल्या.

भर उन्हात मास्तर मला घेऊन वस्तीवर गेले. केसर अंगणात गवत बांधत होती.

"केसरबाई, माझं चुकलं. पाणी द्याल?" आजवर ते तिला नुसतं केसर म्हणत.

तिने माझ्याकडे पाहिलं. "पेला बरोबर आनलाव व्हय? आमच्यात पाव्हन्याला पेला आनाया लागत न्हाय, मास्तर."

मास्तर ओशाळले. तिने आपला तांब्या भरून पुढे केला. "बसा. येळ लय लावलात. पन पानी हाय."

पुढच्या रविवारी केसर प्रार्थनेला गेली. बाकं अर्धी रिकामी होती म्हणे. ठमाबाईंनी पितळेचा पेला भरून तिच्या हातात दिला. निम्मं सांडलं. "पुढच्या वेळी नीट देईन गं," म्हणाल्या.

मास्तरांनी मला परत नेलं नव्हतं; मी केसरच्या फळीवरच राहिलो. दहा वर्षांनी ती गेली. आता घर बंद आहे, आणि मला गंज चढतो आहे.

मित्रांनो, मला घासून लख्ख करा, असं मी म्हणणार नाही. पण एखाद्या घराबाहेर वेगळा टांगलेला पेला दिसला, तर आधी त्यातून तुम्ही पाणी प्या. मग त्याला आत घेऊन जा.