कंचनबेनच्या घरची फ्लशची टाकी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी संडासातली एक जुनी फ्लशची टाकी आहे. थान गावच्या भट्टीत भाजलेली, पांढऱ्या चिनीमातीची. वढवाणला कंचनबेन शाहांच्या घरी माझा जन्म गेला. इथलं पाणी खारं, पण मी कधी कुरकुरले नाही. खळखळून वाहायचं आणि लगेच भरून घ्यायचं, एवढंच माझं काम. "अशी मजबूत टाकी आता मिळत नाही," असं पाहुणे म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

यंदाच्या पावसाळ्यात मात्र मला भरायला इतका वेळ लागू लागला, की माणसं दाराशी ताटकळू लागली. त्यात कंचनबेननी जैनांच्या पर्युषण पर्वात आठ उपवास धरलेले. दोन दिवसांनी पारण्याला सगळं गणगोत येणार. त्यांचा मुलगा विरल माझ्यावर खेकसला, "ही म्हातारी भंगारात! उद्याच नवी बसवतो."

मी जीव तोडून भरू लागले, पण पाणी थेंबथेंबच येत होतं.

"अहो, थांबा जरा," सूनबाई चार्मी म्हणाली. "डॉक्टरला न दाखवताच तिरडी बांधताय!"

तिने नळ बंद करून माझं झाकण उचललं. आत पाणी सोडणाऱ्या तोटीला दुहेरी कापडाचं गाळणं घट्ट बांधलेलं होतं. गाळाने आणि खाराने ते पापडासारखं कडक झालं होतं. मागे उभ्या कंचनबेनचा चेहरा पडला.

"चातुर्मास लागला तेव्हा मीच बांधलं गं," त्या पुटपुटल्या. "प्यायचं पाणी गाळतो, मग या पाण्यातल्या जिवांनी काय पाप केलंय?"

"काय निघालं?" विरल बाहेरून ओरडला.

"गाळ!" चार्मीने सांगितलं. मग सासूला हळूच म्हणाली, "बा, गाळणं उलटं धुऊन जीव परत पाण्यात सोडायचे ना? इथे तर ते अडकूनच पडले."

कंचनबेनचे डोळे भरले. "हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"गच्चीवरच्या टाकीत पाणी पडतं तिथे मोठं गाळणं बांधू. रोज सकाळी दोघी मिळून धुऊ."

चार्मीने ते गाळणं सोडलं, लिंबू चोळून माझ्या तोटीचा खार काढला आणि नळ सोडला. मी भराभरा भरले. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला! त्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं. तिने मला वाचवलं, आणि सासूची मान खाली जाऊ दिली नाही.

म्हणून हात जोडून सांगते मित्रांनो, आम्हाला भंगारात काढण्याआधी एकदा झाकण उचलून बघा. आणि आत घरच्याच कुणाची चूक सापडली, तर गाजावाजा न करता धुऊन टाका.