पुढे चालणारी

घाटातल्या वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ड्रायव्हरबाईने गाडी कचकन थांबवली. मागे कळा देणारी बाई किंचाळली. तिच्याजवळची नर्स पुढच्या सीटवर आपटली.

"काय झालं गं?"

"कुत्रं आडवं आलं."

नर्सने काचेतून पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं. बाई दवाखान्यात सुखरूप पोचली.

अशी अंधारी येण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. पण सांगणार कुणाला? डोंगरातल्या बायकांनी चालवलेल्या आरोग्यसंस्थेची एकच गाडी, आणि घाटात ती नेणारी ड्रायव्हरबाई एकटी. हिशेब बघणारीला तिनेच मैदानात चालवायला शिकवलं होतं, पण घाटात कधी हात लावू दिला नव्हता. पूर्वी नवरा म्हणे, "भांडी आपटतेस तेवढं पुरे!" आता तोच चारचौघांत सांगे, "आमची ही ड्रायव्हर आहे." किल्ली गेली की आपण पुन्हा भांड्यांपाशी, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

संस्थेत साहेबीण अशी कुणी नव्हती. दर हंगामात तिघींनी मिळून कारभार बघायचा, मग दुसऱ्या तिघींनी. ही रीत झाडपाल्याची औषधं जाणणाऱ्या आजीची, तिला तिच्या आजीकडून मिळालेली. आणि रोज कामाआधी गोल बसून प्रत्येकीने आपलं अंग कसं आहे ते सांगायचं, हीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकीण म्हणाली, "गुडघा बोलतोय."

"माझं डोकं. सासूबाई आल्यात," हिशेबवाली म्हणाली. सगळ्या हसल्या.

"मी ठणठणीत," ड्रायव्हरबाई म्हणाली. नर्स पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

आजी नेहमीचंच बोलली, "औषधाच्या मुळ्या काढायला डोंगरात जाताना पुढे चालणारी बाई बदलत राहायची गं. दमलेली हट्टाने पुढे राहिली, तर सगळ्यांना कड्यावर नेते."

तेवढ्यात फोन आला. वरच्या वस्तीत एकीला कळा सुरू झाल्या होत्या. ड्रायव्हरबाई गाडीत बसली. नेहमी मागे बसणारी नर्स आज तिच्या शेजारी येऊन बसली.

"मागे बस ना."

"नको. तुला काही झालं तर स्टिअरिंग तरी धरीन."

"तुला चालवता येतं?"

"कुठलं!"

नर्सच्या घरी दोन लहान पोरं होती. सगळं ठाऊक असून ही बया मुकाट्याने शेजारी येऊन बसली होती. अंधारीला ड्रायव्हरबाई इतकी कधी भ्यायली नव्हती. ती उतरली, परत आत गेली.

"मला मधेच दिसेनासं होतं," ती म्हणाली. "गाडी चालवताना."

कुणी रागावलं नाही, त्यामुळे तिला जास्तच रडू आलं. हिशेबवाली पदर खोचत उठली. "मी नेते. पण दुसऱ्या गिअरच्या वर जाणार नाही, आधीच सांगते."

"आणि तू मागे बस," आजी ड्रायव्हरबाईला म्हणाली. "तूही डॉक्टरला दाखवून ये."

वस्तीतल्या बाईला घेऊन गाडी मुंगीच्या पावलांनी घाट उतरू लागली. बाईचं डोकं ड्रायव्हरबाईच्या मांडीवर होतं. काल गाडी थांबली त्याच वळणावर ड्रायव्हरबाईने खिडकीतून बाहेर पाहिलं. चाकापलीकडे वीतभर माती होती, आणि मग काहीच नव्हतं. खूप खाली झाडांचे शेंडे दिसत होते. इतकी वर्षं तिने फक्त समोरच पाहिलं होतं.

"पोचलो का हो?" बाईने विचारलं.

"पोचू," ती म्हणाली आणि बाईचा हात घट्ट धरला.