पोट सुटलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे, आणि तीही न्हाणीघराची. दिवाणखान्यातल्या भिंतीला घड्याळ मिळते, तसबिरी मिळतात. माझ्या वाट्याला आले साबणाचे पाणी आणि घरातल्या प्रत्येकाचे बेसूर गाणे. इतकी वर्षे मी निमूटपणे ऐकून घेतले. आज माझी पाळी आहे.

माझा जन्म घाईत झाला. घर बांधून होत आले तेव्हा गवंड्याच्या लक्षात आले की न्हाणीघराची एक भिंत राहिलीच. भिंत सरळ आहे की नाही हे दाखवणारा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेला तो लोखंडी गोळा, त्याने केव्हाच पिशवीत भरला होता. तो पुन्हा काढायचा त्याला कंटाळा आला आणि त्याने मला नुसत्या नजरेने उभे केले. त्याच्या नजरेत दोष नव्हता, पण ती स्वतःच्या घराकडे लागली होती. मग काय, मध्यावर माझे पोट सुटले आणि नळाजवळ खळगा पडला. पुढे माणसांनी ते व्यंग रंगाखाली झाकले. आधी चुना, मग हिरवा तेलरंग, त्यावर गुलाबी. गुलाबी रंगात मी बरी दिसायचे, असे माझे मत आहे. दुसऱ्या कुणाचे नव्हते.

हे घर एका शिंप्याचे. तो, त्याची बायको आणि थोरली बहीण असे तिघे राहतात. या ताईंनीच त्याला लहानाचे मोठे केले आणि शिवणयंत्रावर बसवले. दोन महिन्यांपूर्वी ताई माझ्यासमोर घसरल्या. पडताना त्यांनी माझ्यावर हात टेकला, पण धरायला काहीच नव्हते. ओल्या रंगावरून हात सरकत गेला आणि मांडीचे हाड मोडले. त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली.

दवाखान्यात हाड सांधले, पण ताईंचा हट्ट मोडला नाही. घरी आल्यावर मला कुणी अंघोळ घालायची नाही, माझी मी करीन, असे त्यांनी बजावले. डॉक्टरांनी त्याला एकच अट घातली. भिंतीत आधाराचा पक्का दांडा हवा, आणि तो पेलणारी भिंतही पक्की, कोरडी हवी. ताई आठ दिवसांनी घरी येणार होत्या. शिंप्याने टाइल्स आणल्या आणि मिस्त्रीला बोलावणे धाडले.

मिस्त्रीने माझ्या अंगावर बोटांनी टकटक केली, ओळंबा सोडला आणि मोठा उसासा टाकला. रंग खरवडावा लागेल, पोट फोडावे लागेल, मग गिलावा करून त्याला पाणी मारत राहायचे आणि सुकू द्यायचे. दहा दिवस, असे सांगून तो दुसऱ्या कामावर गेला.

शिंप्याला हे पटले नाही. त्याने गळ्यातली कापडी टेप काढून माझे माप घेतले. टेप माझ्या पोटावरून गोल फिरवली आणि सवयीने दोन बोटे ढिलाईही धरली. जन्मभर त्याने वाकड्या अंगांना सरळ दिसणारे कपडे शिवले होते. खांदा उतरता असला की आत कापूस भरायचा, की झाले. तसाच खळग्यात चिकटवायचा मसाला जाड भरायचा आणि पोटावर पातळ फासायचा, असा बेत त्याने बायकोला ऐकवला. भिंत म्हणजे तुमचे गिऱ्हाईक नव्हे, असे ती म्हणाली. पण तो कसला ऐकतो? संध्याकाळपर्यंत त्याने चार ओळी लावल्या. समोरच्या आरशात स्वतःला पाहून मीही हुरळले. खोटे कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी जेवणे आटोपली आणि खळग्यातली एक टाइल हळूच सरकली. तिने खालचीला धक्का दिला, खालचीने शेजारणीला. बघता बघता चारही ओळी धाडधाड जमिनीवर आल्या. आवाज ऐकून मिस्त्रीला बोलवायला शेजारीच धावले.

मिस्त्रीने एक तुकडा उचलून उलटा केला. त्याची पाठ गुलाबी होती.

"मसाल्याने धरलंय घट्ट," तो म्हणाला. "पण रंगाला. भिंतीपर्यंत पोचलंच नाही काही. यावर दांडा लावून ताई उभ्या राहिल्या असत्या तर?"

शिंप्याचा चेहरा पांढराफटक पडला. पालथ्या बादलीवर बसून त्याने ताईंना फोन लावला आणि सगळे कबूल केले.

"पहिला सदरा शिवलास तेव्हा बाही उलटी लावली होतीस," ताई म्हणाल्या. "मी काय करायला लावलं तुला?"

"उसवायला."

"मग उसव. मी चार दिवस जास्त राहते इथं."

मित्रांनो, मग माझी हजामत झाली. गुलाबी गेला, हिरवा गेला, चुना गेला. छिन्नी पोटात शिरली तेव्हा मी कळवळले. शिंप्याने ओळंबा धरला आणि खडूने माझ्या उंचसखल जागा अशा नेमक्या आखल्या की मिस्त्रीही बघत राहिला. गिलाव्याचे दोन हात चढले. रोज सकाळ-संध्याकाळ शिंपी स्वतः मला पाणी मारी आणि मिस्त्री हो म्हणेपर्यंत त्याने एकाही टाइलला हात लावला नाही. शेवटी विटांपर्यंत रुतणारा दांडा बसला, तेव्हा त्याला लोंबकळून पाहणारा पहिला माणूस तोच.

म्हणून सांगते, जुन्या भिंतीला नवे काही नेसवण्याआधी तिला एकदा ठोकून पाहा, खरवडून पाहा. आम्हाला दुखते, पण आम्ही रागावत नाही.

ताई आल्या त्या सकाळी शिंपी त्यांच्यामागोमाग न्हाणीघरापर्यंत आला. ताईंनी दांडा धरला आणि अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. मी तसूभरही हलले नाही.

"ताई, जमतंय ना?" त्याने घाबरत विचारले.

"जमतंय," ताई म्हणाल्या. "आता तू बाहेर हो आणि दार लावून घे."